हवेवरचा भरवसा

हवेच्या आधाराने पाण्यावर बसून मासे धरणारी माणसं दोन टोकांना सापडतात. एक टोक अमेरिकेच्या युटा, आयडाहो, मोंटाना या राज्यांतल्या डोंगरी तलावांवरचं. घोड्याच्या नालेच्या आकाराची कापडी खोळ, आत फुगवलेले ब्लॅडर, पाठीला फुगीर टेकू आणि पायांत पोहण्याचे फिन्स. याला तिकडे फ्लोट ट्यूब म्हणतात. दुसरं टोक आपल्या धरणांवरचं. ट्रकच्या चाकातली काळी ट्यूब, तिच्या मधोमध दोरीची जाळी, हातात फळीचे दोन तुकडे, मांडीवर तंगुसाचं जाळं. यातली पहिली ट्यूब दुसरीच्याच पोटची. अमेरिकेतल्या जुन्या फ्लोट ट्यूब म्हणजे ट्रकच्या ट्यूबवर चढवलेली जाड कापडाची खोळच होती.

या दोन टोकांना मी एका ओसरीवर बसवलं आहे. मामा इंदापूर तालुक्यातले, उजनीच्या बॅकवॉटरवर उभा जन्म काढलेले. भाचा सॉल्ट लेक सिटीत नोकरीला, सुट्टीवर येताना फ्लोट ट्यूब पिशवीत घालून आलेला. माणसं दोघंही मी जुळवलेली आहेत. त्यांचं भांडण मात्र खरं आहे.

मामा: ते गाठोडं सोड बघू. साता समुद्रापलीकडून हवा भरायची पिशवी घेऊन आलास?

भाचा: हवा इथलीच भरणार, मामा. पिशवी आठ किलोच्या आत आहे, पाठीवर टाकून डोंगर चढता येतो. ही बाहेरची खोळ नायलॉनची. आत विनाइलचे ब्लॅडर. डावीकडे एक, उजवीकडे एक आणि पाठीच्या टेकूत तिसरा. बैठक फोमची. पुढे ही आडवी काठी अडकवली की दोन्ही बाजू फाकत नाहीत आणि माणूस पुढे घसरत नाही.

मामा: तीन ठिकाणी हवा म्हणजे तीन ठिकाणी गळायची सोय. माझ्या ट्यूबला एकच व्हॉल्व्ह. हवा उतरली तर आधी कुठं हात घालायचा, हे मला अंधारातसुद्धा कळतं.

भाचा: पण ती एक ट्यूब गेली की तुम्ही पाण्यात. माझा एक कप्पा गेला तर उरलेल्या दोनांवर काठ गाठता येतो. तिकडच्या जुन्या ट्यूब तुमच्यासारख्याच गोल होत्या. फिन्स घातलेले पाय आत घालायचे, ट्यूब कमरेपर्यंत ओढायची आणि बाहेर पडताना तीच कसरत उलटी करायची. उलटलात तर डोकं खाली आणि पाय भोकात अडकलेले. म्हणून पुढची बाजू उघडी केली.

मामा: मी कुठं अडकतोय? मी ट्यूबच्या आत नाही, ट्यूबवर बसतो. उलटली तर ट्यूब एकीकडे, मी एकीकडे, आणि तिला धरायला दोन्ही हात मोकळे.

भाचा: हात मोकळे असतात का पण? हातात फळ्या असतात. वल्हवणार कधी आणि जाळं ओढणार कधी? माझे पाय वल्हवतात, हात दोन्ही रॉडला.

मामा: ते एक बरं आहे. पण पाठमोरं जावं लागतं म्हणे?

भाचा: हो, पाय मारले की ट्यूब पाठीच्या दिशेने सरकते. उतरायचंही पाठमोरं. फिन्स घालून पुढे चालायला गेलं की टोक चिखलात रुततं आणि माणूस तोंडावर पडतो. काठावर फिन्स चढवायचे, ट्यूब कमरेला धरायची, उलटं चालत जायचं आणि मांडीपर्यंत पाणी आलं की बसायचं. प्रत्येक फिन घोट्याला दोरीने बांधलेला हवा. एक गाळात राहिला तर उरलेल्या एकाने नुसत्या गिरक्या घ्याव्या लागतात.

मामा: बरं, आता भरून दाखव. तो हातपंप राहू दे, चौकात पंक्चरवाल्याकडे कॉम्प्रेसर आहे. दोन मिनिटांत टुम्म होईल.

भाचा: टुम्म होऊन फुटेलही. ट्रकच्या चाकात शंभराच्या आसपास पीएसआय हवा असते, याला दोनच्या आसपास पुरते. त्याच्या मीटरचा काटा हलायच्या आत इथे शिवण उसवलेली असेल. हातपंपच बरा, कारण शेवटचे दहा-वीस दाब हातालाच कळतात.

मामा: मग कर सुरुवात. मी बघतो.

भाचा: आधी ताडपत्री. तिच्यावर खोळ पसरायची आणि आतून हात फिरवून खडा, काटा, तुटलेला गळ काही आहे का ते चाचपायचं. मग ब्लॅडरला शंखजिऱ्याची पावडर चोळायची, म्हणजे तो खोळीला चिकटत नाही आणि फुगताना आपोआप जागेवर सरकतो. व्हॉल्व्ह खोळीच्या भोकासमोर आणायचा. ब्लॅडरला पीळ किंवा घडी राहू द्यायची नाही, कारण घडीवर ताण आला की विनाइल आधी तिथेच चिरतं. चेन पूर्ण लावायची आणि मगच हवा. निम्मी भरली की थांबायचं, खोळ सगळीकडून थापटायची, ब्लॅडर नीट बसला का बघायचं. दोन्ही बाजूंना आळीपाळीने थोडी थोडी भरायची. एकीकडची पूर्ण भरून दुसरीकडे वळलो तर खोळ वाकडी ताणली जाते. पाठीचा टेकू सगळ्यात शेवटी. अंगठा दाबल्यावर खोळ जराशी आत गेली पाहिजे आणि लगेच वर आली पाहिजे.

मामा: शंखजिरं आमचा ट्यूबवालाही टाकतो. टायरमध्ये ट्यूब घालताना मूठभर उडवतो. आणि अंगठ्याचं माप तर आमचंच आहे.

भाचा: आता अर्धा तास नुसतं ठेवायचं आणि परत अंगठा दाबायचा. नवी ट्यूब असेल तर घरात रात्रभर फुगवून ठेवायची. मात्र सकाळी जरा नरम लागली म्हणून लगेच गळती शोधत बसायचं नाही. रात्री हवा थंड होते तसा दाबही उतरतो.

मामा: आणि दुपारी चढतो. वैशाखात काळी ट्यूब काठावर उघडी टाकून जेवायला बस, म्हणजे किती चढतो ते आवाजच सांगेल.

भाचा: त्याचा हिशेब साधा आहे. पंचवीस अंशांना दोन पीएसआय भरलेली ट्यूब उन्हात पन्नास अंशांपर्यंत तापली, तर आतला दाब जवळजवळ साडेतीनवर जातो. वस्तू दोनसाठी शिवलेली असते. उलट तीस अंशांच्या हवेत भरून दहा अंशांच्या पाण्यात टाकली तर दाब एकच्या खाली उतरतो आणि बैठक खचते. म्हणून काठावर थोडी कमी भरायची, पाण्यात टाकून ओली होऊ द्यायची, मग उरलेली भरायची. बाहेर काढली की सावली नसेल तिथे लगेच थोडी हवा सोडायची.

मामा: हवा कशाला सोडायची? ओलं गोणपाट टाकलं की झालं. दुपारी काठावर चक्कर मारलीस तर ट्यूबवर गोणपाट दिसेल, नाहीतर ट्यूब बाभळीच्या सावलीत दिसेल. बाभळीखाली ठेवणारा पोरगा मात्र नवखा समजायचा.

भाचा: काट्यांमुळे?

मामा: काट्यांमुळेच तर. धरणाचं पाणी मागे हटलं की त्या गाळावर वेडी बाभूळ माजते. वाळलेला काटा मातीत उभा राहतो, दिसत नाही. आणि जमिनीलगत सराटा. बाभळीचा काटा ट्यूबचा जीव घेतो, सराटा नुसता छळतो. भोक एवढं बारीक पाडतो की दोन दिवस कळत नाही.

भाचा: सराटा तिकडेही आहे, मामा. हाच, याच जातीचा. गोखरू म्हणून आपण वैद्याकडून आणतो तोच. तिकडे बाहेरून आला आणि पश्चिमेकडच्या कोरड्या राज्यांत सायकलवाल्यांचा वैरी झाला. तलावाकडे जाणाऱ्या पायवाटेवर तो असला तर ट्यूब जमिनीवरून ओढत नेत नाहीत, खांद्यावर घेतात.

मामा: एवढ्या लांब जाऊन शेवटी सराटाच!

भाचा: उंचीची भानगड मात्र इकडे नाही. सॉल्ट लेक सिटी समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटरवर आहे. स्ट्रॉबेरी नावाचा मोठा जलाशय आहे ट्राउटचा, तो तेवीसशेवर. घरी ट्यूब घट्ट भरून गाडीच्या टपावर बांधली, तर वर पोहोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब दीड पीएसआयने उतरलेला असतो. आतली हवा तेवढीच, पण ट्यूबवरचा ताण दीडने वाढतो. त्यात वरून ऊन. म्हणून घरून निम्मीच भरून न्यायची किंवा रिकामी न्यायची.

मामा: मला एक सांग. हे सगळं गणित पाण्यावर वारा सुटल्यावर काय कामाला येतं?

भाचा: वाऱ्याला गणित नाही, पाय आहेत. वाऱ्याच्या तोंडावर आधी जायचं, पाय ताजे असताना. परतताना वारा आणून सोडतो.

मामा: वाऱ्याला कुठला काठ आवडेल ते तू ठरवणार? उजनी भरली की एकशे सतरा टीएमसी पाणी. मैलोगणिक उघडं. सकाळी आरशासारखं दिसतं, आणि उन्हाळ्यात दुपार कलली की वळवाचा वारा न सांगता येतो. २०२४ च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट अशाच वाऱ्यात उलटली. सहा माणसं गेली. ती बोट होती. मोटार होती तिला. तुझी ही पिशवी पाण्याच्या वर दीड हात उभी राहते. पाठीचा टेकू म्हणजे शीडच की. वारा त्यालाच धरणार.

भाचा: मान्य. जोराचा वारा असला की फिन्सने जागच्या जागी राहणंसुद्धा जमत नाही. ट्यूबचा वेग शांत पाण्यातही सावकाश चालणाऱ्या माणसापेक्षा कमी. म्हणून तिकडे जाणते लोक मधल्या पाण्यात जात नाहीत, काठाकाठाने फिरतात. वाहत्या नदीत तर अजिबात नाही. पाय खाली लोंबत असतात, बुडालेल्या फांदीत अडकले तर प्रवाह माणसाला दाबून धरतो.

मामा: इथे फांद्या कशाला, आख्खी झाडं आहेत खाली. धरण झालं तेव्हा गावं गेली, त्यांच्या बाभळी, विहिरी, भिंती सगळ्या तळाशी. पाणी उतरतं तशी वर येतात. कुठल्या महिन्यात कुठली भिंत पायाला लागते, हे तुझ्या खोळीवर लिहिलेलं नाही.

भाचा: म्हणून तर तुमच्याबरोबर जायचं.

मामा: आणि लोंबत्या पायांचं आणखी एक. सांगलीकडे कृष्णेत, वारणेत उतरू नकोस या पिशवीवरून. चिपळूणच्या वाशिष्ठीत नको, मुंबईच्या पवई तलावात नको. मगरी आहेत. तिथे पाणी कितीही शांत असू दे, पाय खाली सोडून बसायचं नाही.

भाचा: पवईला गळवाले काठावरून किंवा मचाणावरून बसतात, ते त्यामुळे शहाणे.

मामा: बरं, समज मधल्या पाण्यात गळ ट्यूबला घुसला. तू काय करणार?

भाचा: खोळीचं नायलॉन जाड असतं, गळ बहुतेक तिथेच अडतो. आत गेलाच तर तो उपसायचा नाही, तसाच ठेवून काठाकडे निघायचं. गळ भोकात असेपर्यंत हवा सावकाश जाते. चाकू पाण्यावर नेत नाही, तंगूस तोडायला बोथट टोकाची कात्री. मासा मांडीवर घेतानाही खाली जाळीदार पदर असतो, त्याच्यावरच.

मामा: तुझे ट्राउट गुळगुळीत. आमच्या शिंगाळ्याचा काटा बघितलास? पंखाच्या मुळाशी सुईसारखा. जाळ्यातून काढताना तो एकदा फडफडला की ट्यूब गेली. म्हणून मी मासा ट्यूबवर घेतच नाही. मागे दोरीला पिशवी लोंबते, तिच्यात टाकतो. आणि जाळ्याची दोर ट्यूबला कधी निरगाठीने बांधायची नाही. सुरगाठ. एक टोक ओढलं की सुटली पाहिजे. खाली जाळं झाडात गुंतलं आणि वरून वारा आला, तर निरगाठ माणसाला घेऊन जाते. पाण्यावर जे स्वतःच्या हाताने, एका हाताने सोडता येत नाही, ते अंगाला लावायचं नाही.

भाचा: हा नियम मी लिहून ठेवतो. नांगर टाकणाऱ्यांना तिकडेही हेच सांगतात, की दोर एका झटक्यात सुटेल अशी हवी. आता तुम्ही सांगा, तुमची ट्यूब फाटली तर?

मामा: काठावर येतो आणि पंक्चर काढतो. गावोगाव होतं. भोकाभोवती रबर खरवडायचं, सोल्युशन लावायचं आणि थांबायचं. पोरांना तेच जमत नाही. ओलं असतानाच ठिगळ दाबतात. बोटाला नुसतं चिकचिकलं पाहिजे, बोटावर येता कामा नये, मग ठिगळ. तुझ्या पिशवीचं पंक्चर इंदापुरात कोण काढणार?

भाचा: मीच. पण तुमचं सोल्युशन याला चालत नाही. ते रबरासाठी. विनाइलवर ते धरल्यासारखं वाटतं आणि हवेचा ताण आला की सोलून निघतं. विनाइलला विनाइलचाच डिंक लागतो आणि विनाइलचंच ठिगळ. काही ब्लॅडर युरेथेनचे असतात, त्यांची चिकटपट्टी निराळी. टेअर-एड नावाच्या पट्ट्या मिळतात, त्यात युरेथेनला ए आणि विनाइलला बी. उलटसुलट लावली तर मेहनत वाया. म्हणून विकत घेतानाच आत काय आहे ते खोळीच्या आतल्या बाजूला शाईने लिहून ठेवायचं. लावायची पद्धत मात्र तुमच्यासारखीच. स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवायचा, पूर्ण वाळवायचं, घडी न पाडता मधून बाहेर दाबत जायचं. डिंकाचं ठिगळ असेल तर एक दिवस हवा भरायची नाही.

मामा: आणि भोक सापडत नसलं तर?

भाचा: साबणाचं पाणी. फेस कुठे उकळतो ते बघायचं आणि बॉलपेनने गोल करायचा. सुरुवात व्हॉल्व्हपासून, कारण निम्म्या वेळा ब्लॅडर चांगला असतो आणि व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण असतो. दुसरं, खोळीची शिवण. ताण खोळ झेलते, ब्लॅडर नव्हे. चार टाके उसवले तरी ब्लॅडर तिथून बाहेर फुगतो आणि पातळ होत होत फुटतो. जाड नायलॉनच्या दोऱ्याने ते चार टाके घालणं हे ठिगळाइतकंच महत्त्वाचं.

मामा: माझ्या ट्यूबला खोळच नाही, त्यामुळे जिथे रबर पातळ पडतं तिथे ती आधी फुगते. दिसतं डोळ्यांना. मग तेवढी हवा कमी करायची आणि ती ट्यूब पोरांना पोहायला द्यायची. व्हॉल्व्हची पितळी नळी मात्र वाईट. आत वळलेली असते, ट्यूब उलटली तर बरगडीत शिरते. तिला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची. पण खरी अडचण आता वेगळीच आहे. नव्या ट्रकांना ट्यूबलेस टायर येऊ लागले. चांगली जाड ट्यूब मिळेना. पंक्चरवाला जी देतो तिला आधीच पाच ठिगळं.

भाचा: म्हणजे तुमचा एकच आधार आणि तोही दुसऱ्याने टाकलेला!

मामा: एकच कोण म्हणालं? ट्यूबच्या दोन बाजूंना काय बांधलंय ते बघितलं नाहीस तू.

भाचा: तेलाचे कॅन? मला वाटलं पिण्याचं पाणी.

मामा: रिकामे आहेत. पाच-पाच लिटरचे, बूच आवळून वर डांबर लावलेलं. ट्यूब पार गेली तरी ते दोघं तरंगतात. माझ्या आज्ज्याच्या वेळी वाळलेले भोपळे होते. चार भोपळे दोरीने बांधून केलेल्या सांगडीवरून त्याने भीमा ओलांडलेली आहे. आम्ही पोहायला शिकलो ते पाठीला पांगाऱ्याचं लाकूड नाहीतर पत्र्याचा डबा बांधून.

भाचा: म्हणजे जास्तीचा कप्पा तुमच्याकडेही आहे. मघापासून भांडण मग कशावरून चाललंय?

मामा: माझ्या कप्प्यात हवा भरावी लागत नाही, यावरून. तुझे तीन कप्पे मोज. तिन्ही विनाइलचे. तिन्ही एकाच उन्हात तापतात, एकाच काट्यावरून जातात, एकाच वर्षी जुने होतात. एकाला जे होतं ते दुसऱ्याला व्हायला किती वेळ? माझी ट्यूब काट्याने फुटते. कॅनला काटा काय करणार? कॅन दगडावर आपटून फुटतो. ट्यूबला दगड काय करणार? दोघांचं मरण वेगळं आहे, म्हणून एक दुसऱ्याला धरून आहे.

भाचा: हे बरोबर आहे. दुकानात कप्पे मोजून दाखवतात, ते कशाने निकामी होतील हे कुणी विचारत नाही. पण म्हणूनच मी फोमचं जाकीट घालतो. त्याला हवा नाही, व्हॉल्व्ह नाही. माणसाचं अंग पाण्यात जवळजवळ तोललेलंच असतं, डोकं वर ठेवायला थोडीच उचल लागते. तिकडच्या नेहमीच्या जाकिटाला सात किलोची उचल असते. तुमच्या दोन कॅनना दहाची.

मामा: बघ! माझीच जास्त.

भाचा: जास्त आहे, पण ती ट्यूबला बांधलेली आहे. तुम्हीच म्हणालात, उलटली तर ट्यूब एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. हलकी ट्यूब वाऱ्यावर जाईल तुमच्या पोहण्यापेक्षा जोरात, आणि कॅन तिच्याबरोबर. जाकीट माणसाबरोबर राहतं.

मामा: हं. उकडतं त्यात. जाळं फेकताना खांदे आवळतात.

भाचा: मासेमारीची जाकिटं खांद्याशी मोकळी कापलेली असतात. हे माझं घालून बघा.

मामा: आधी तुझं आवरून सांग. वापरून झाल्यावर या पिशवीचं काय करतोस?

भाचा: गोड्या पाण्याने धुतो. चेनमध्ये वाळू राहिली तर ती पुढच्या वेळी दात मोडते, म्हणून ब्रश आणि वर मेणबत्तीचं मेण. ब्लॅडर बाहेर काढून सावलीत वाळवतो, खोळ उलटी करून. तिकडे वाळवणं नुसतं बुरशीसाठी नाही. २०१३ मध्ये लेक पॉवेल या प्रचंड जलाशयात क्वागा नावाचे परके शिंपले सापडले. त्यांची पिलं डोळ्यांना दिसत नाहीत, थेंबभर पाण्यातून दुसऱ्या तलावात जातात आणि मग नळ, पंप, धरणाची दारं सगळं भरून टाकतात. त्यामुळे धुवा, निथळवा, वाळवा हा तिथे कायदाच आहे.

मामा: आपल्याकडे चिलापीने हेच केलं. आज उजनीत जाळं टाक, वर काय येतं? चिलापीच. वाळवून नेणं चांगलं. आणि पावसाळ्यात ठेवतोस कुठं?

भाचा: थोडीशी हवा ठेवून, घडी न घालता, खुंटीला. हिवाळ्यात तिकडे गॅरेजमध्ये शून्याच्या खाली जातं, तेव्हा विनाइल कडक होतं. तशीच उलगडली तर घडीवर तडकते. आधी घरात आणून ऊबेला ठेवायची.

मामा: उंदीर?

भाचा: त्यांच्यावर अजून उपाय निघालेला नाही.

मामा: मी आढ्याला तारेने टांगतो. शिवाय विहिरीच्या मोटरीच्या खोलीत ठेवत नाही. तिथे ठेवलेलं रबर लवकर भेगाळतं, का ते माहीत नाही.

भाचा: मोटरीच्या ठिणग्यांनी ओझोन तयार होतो आणि तो रबर खातो. डिझेल इंजिनाजवळही नको, तेलाने रबर फुगून लिबलिबीत होतं.

मामा: चला, तुझ्या पुस्तकाचा एवढा तरी उपयोग झाला. उद्या पहाटे निघू. तू तुझ्यावर, मी माझ्यावर. नऊला दोघं काठावर. पायांत कितीही जोर असला तरी नऊला.

भाचा: दहा?

मामा: नऊ. आणि मच्छीमार संस्थेच्या माणसाला आज सांगून ठेवतो. पाण्याचा ठेका त्यांचा आहे, न विचारता गळ टाकलास तर मामाचं नाव जाईल.

भाचा: नऊ तर नऊ. पण जाकीट घालायचं.

मामा: घालतो बाबा. तेवढे ते पट्टे तू आवळून दे, मला ती बकलं कळत नाहीत.

भाचा: मग नाही चालणार. एका हाताने सोडता येत नाही ते अंगाला लावायचं नाही, हे आत्ता तुम्हीच सांगितलं. आधी दहा वेळा लावून-काढून दाखवा.

मामा: लेका, ओसरीवर बसून मामालाच शिकव. आण ते इकडे.